अप म्हणजे वर

गोरगुंटेपाळ्या स्टेशन मागे पडलं आणि मेट्रोला गचका बसला. फार मोठा नव्हे. उभ्या असलेल्यांनी दांडे घट्ट धरले, बसलेल्यांनी फोनवर झुकलेली मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, एवढंच. पण अहल्याच्या मांडीवरची पर्स घसरली, तिच्यातून लांबट पाकीट बाहेर पडलं, आणि समोरच्या बाईनं ते उचलून देता देता त्यावरची ओळ वाचली. ‘साक्षीदार: श्रीमती अहल्या’ असं तिथे इंग्रजीत टाइप केलेलं होतं. “कोर्टाचं काही आहे का, अक्का?” बाईनं कन्नडमध्ये विचारलं, नुसत्या कुतूहलानं. “छे छे, ऑफिसचं स्वल्प काम,” अहल्या म्हणाली, आणि पाकीट पर्समध्ये कोंबून तिनं चेन ओढली. मग खिडकीबाहेर पत्र्यांची छपरं सरकू लागली तरी तिचे कान तापलेलेच राहिले. खोटं किती पटकन आलं! त्यासाठी घशाला जरासुद्धा जोर पडला नव्हता. सकाळी निघताना हयवदन, तिचा नवरा, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला होता, “जायचं नसेल तर जाऊ नकोस, कळव आजारी आहे म्हणून. गेलीस तर झालं तसं सांगून ये. मधलं काही करू नकोस.” बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मधलं म्हणजे काय ते बरोबर ठाऊक होतं. ती चपला घालून बाहेर पडली होती.

याच गाडीनं ती जून-जुलैत आठवड्यातून दोनदा यायची. राजाजीनगरला चढायचं, पीण्याला उतरायचं. पिशवीत जाड पुठ्ठ्याची कार्डं असत, एकेकावर एकेक बाण: वर, खाली, आत, बाहेर, पलीकडे, मागे. शाळेतून निवृत्त झाल्यावर अशी नवी कार्डं कापताना तिला चोरून सुख झालं होतं. सत्तावीस वर्षं तिनं इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यातही तिचा खरा जीव या चिमुकल्या शब्दांवर. क्रियापदं काय, कुणीही पाठ करतं. पण ‘लुक’ला ‘अप’ लावलं तर काय होतं, ‘ओव्हर’ लावलं तर काय, ‘डाउन’ लावलं की नुसतं बघणं तुच्छतेनं बघणं कसं होतं, हे ज्याला कळलं त्याला ती भाषा कळली, असं ती वर्गात सांगे. ‘डिस्कस अबाउट’ लिहिणाऱ्या मुलींच्या वह्यांत ती ‘अबाउट’खाली अशी लाल रेघ ओढायची की मागचं पानही फाटे.

हे वेड कुठून आलं ते तिला माहीत होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं घराणं बेंगळुरात दहा-बारा पिढ्यांचं. शहाजीराजांच्या वेळी कुणी पूर्वज लेखणी खोचून इकडे आला म्हणे आणि इथलाच झाला. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्ही एकमेकींत इतक्या मुरलेल्या की कुठली कुठे संपते ते कुणी बघत नसे. सोळाव्या वर्षी ती मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेली. पहिल्याच संध्याकाळी चहाचा ट्रे फिरत आला तेव्हा ती घरच्या सवयीनं, थोडी म्हणायच्या जागी कन्नड शब्द घालून, म्हणाली, “मला साखर स्वल्प पुरे.” खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग नवरीचा भाऊ म्हणाला, “आणि पूर्णविराम कधी घेणार?” सगळी खोली हसली. तीही हसली. पुढचे तीन दिवस तिचं नावच स्वल्पविराम पडलं. ‘स्वल्पविरामाला पान वाढा’, ‘स्वल्पविराम कुठे झोपली?’ कुणी वाईट नव्हतं, सगळी प्रेमानंच म्हणत होती, आणि म्हणूनच रडायलाही जागा नव्हती. परत आल्यावर कितीतरी महिने ती घराबाहेर मराठीत बोललीच नाही. इंग्रजी कुणाच्याच आईची नव्हती. तिथे नियम होते, पुस्तक होतं, आणि नियम पाळले की तुम्हाला हसण्याचा अधिकार कुणालाच उरत नव्हता.

कारखान्यातला वर्ग कँटीनमध्ये भरायचा. सांबाराचा आणि यंत्रावर सोडतात त्या पांढऱ्या पाण्याचा मिळून एक वास तिथे कायम असे. नव्या प्लांट हेडला कन्नड येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. अमेरिकेत बरीच वर्षं काढून आलेला माणूस. म्हणून शॉपवरच्या, म्हणजे यंत्रांवरच्या लोकांना कामापुरतं इंग्रजी शिकवायचं ठरलं होतं. वीस दिवसांचा अभ्यासक्रम, एकोणीस माणसं. त्यांत क्रेन चालवणारा शिवाप्पा पहिल्या बाकावर बसायचा, ताठ, दोन्ही हात वहीवर ठेवून. चाळिशी ओलांडलेला, कानाजवळचे केस पिकलेले. त्याची क्रेन म्हणजे वर चढून बसायची नव्हे. छपराच्या तुळयांवरून ती सरकते आणि खालून माणूस लोंबत्या डब्यावरची बटणं दाबत तिच्याबरोबर चालत राहतो. त्याचा जोडीदार गिरीराज, फिटर, त्याच्याच गावचा, गदगकडचा. दोघं एकाच मोटरसायकलवर यायचे. गिरीराज वर्गात नव्हता, पण वर्ग सुटेपर्यंत दाराशी उभा राहून ऐकायचा आणि चिडवायचा, “नट-बोल्ट इंग्रजी बोलायला लागले की मीही येईन, मेडम.”

अहल्यानं पहिल्या दिवशी त्यांना उभं केलं होतं. “अप!” म्हटलं की उजवा हात वर. “डाउन!” म्हटलं की खाली. “बॅक!” की एक पाऊल मागे. “विचार करायचा नाही,” ती कन्नडमध्ये ओरडली होती, “डोक्याच्या आधी हाताला कळलं पाहिजे!” एकोणीस दणकट हात वर गेले, खाली आले, वर गेले. पोरांसारखे हसत होते सगळे. पाचव्या दिवसापर्यंत तिनं बोलता बोलता सहज ‘अप’ म्हटलं तरी शिवाप्पाचा हात उचलला जायचा आणि मग तो ओशाळून खाली घ्यायचा. त्यानंच एकदा विचारलं होतं, “मेडम, माझी मुलगी भावाशी भांडते तेव्हा शट अप म्हणते. त्यात वर काय जातं?” सगळे हसले, पण अहल्याला त्याला मिठीच मारावीशी वाटली. सत्तावीस वर्षांत एका मुलीनं असा प्रश्न विचारला नव्हता. “बरोबर पकडलंत,” ती म्हणाली, “कधी कधी अप म्हणजे वर नसतंच. शट अप, गिव्ह अप, होल्ड अप. ते सगळं चौदाव्या दिवशी. आधी वर म्हणजे वर एवढं पक्कं होऊ द्या.” त्या तीन शब्दांवरून ती एका दमात पुढे गेली होती, पुढच्या पाठाचं आमिष दाखवावं तशी. अर्थ एकाचाही सांगितला नव्हता.

बाराव्या दिवसानंतर वर्ग बंद पडला. परदेशी ऑर्डर आली होती, माणसं सोडता येत नव्हती. ट्रेनिंगचं काम बघणाऱ्या क्षितिजनं फोन केला, “काकू, सध्या पॉज करू या. ऑक्टोबरमध्ये परत पिक अप करू.” हा क्षितिज पुण्याचा. तिशीचा, गोरा, घाईत असलेला. पहिल्या दिवशी खडू हातातून पडला आणि तिच्या तोंडून “अग्गं बाई” निघालं तेव्हा तो दारातून धावत आला होता. “मॅडम, तुम्ही मराठी?” त्या दिवसापासून ती काकू झाली. तो तिला चहा पाजायचा आणि मराठीत बोलता येतं म्हणून सैल होऊन बोलत सुटायचा, बनशंकरीतल्या फ्लॅटबद्दल, बायकोला इथं करमत नाही त्याबद्दल. एकदा म्हणाला, “काकू, तुमची मराठी काय गोड आहे! एकदम जुनी, अस्सल. आमच्याकडे आता कुणी असं बोलत नाही.” छप्पन वर्षांच्या अहल्याला त्या दिवशी पीण्यापासून राजाजीनगरपर्यंत गाडीत बसायला जागा मिळाली नाही, तरी ते तिच्या लक्षातही आलं नाही. चाळीस वर्षांनी पुण्यानं तिला पास केलं होतं.

आणि मग सप्टेंबरातला तो रविवार. त्याच्या आदल्या दिवशी कन्नड पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या: पीण्यात साचा अंगावर पडून कामगार ठार. कारखान्याचं नाव नव्हतं. अहल्यानं त्या वाचल्या आणि तिला गिरीराज आठवला नाही, शिवाप्पा आठवला नाही. पीण्यात हजारो कारखाने आहेत, असं काहीतरी मनात आलं आणि तिनं पान उलटलं. रविवारी अकराला क्षितिज दारात. हातात पुण्याहून आलेल्या आंबा बर्फीचा डबा. दाढी वाढलेली. बसल्यावर त्याचा पाय हलत होता, कप हातात धरला होता पण तो प्यायला नाही. “ॲक्चुअली काकू, ऑडिट आहे. रूटीन. आपली आठ सेशन्सची रजिस्टरं राहिलीत. लोकांच्या सह्या झाल्यात. तुम्ही फक्त साइन ऑफ करा.” तिनं कागद बघितले. तेरा ते वीस. चौदाव्यासमोर विषय तिच्याच अभ्यासक्रमातून उतरवलेला होता. तारखा मात्र ऑगस्टमधल्या, एकाच पेननं, एकाच बैठकीत घातलेल्या. “अरे, पण हे आठ झाले कुठे?” ती म्हणाली. “ते आपण कव्हर अप करणारच आहोत ना काकू, ऑक्टोबरमध्ये.”

ते वाक्य तिच्या कानात अजून होतं. त्याला ‘कव्हर’ म्हणायचं होतं, ‘अप’ त्यानं सवयीनं लावलं होतं. ‘नुसतं कव्हर म्हण रे, अप लावलंस की ते झाकून टाकणं होतं,’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं. शाळेत असती तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं वर बघितलं असतं, तिनं त्याच्याकडे बघितलं असतं, आणि मग पेपरातल्या चार ओळी दोघांच्या मधे त्या टीपॉयवर येऊन पडल्या असत्या. त्याऐवजी ती म्हणाली, “बर्फी फ्रीजमधे ठेवायला हवी,” आणि आठ सह्या केल्या. छान, गोल, वहीवर करायची तशा. तो निघून गेल्यावर हयवदननं विचारलं, “वाचून केल्यास ना?” “सरी, सरी,” ती चिडून कन्नडात म्हणाली, बरं बरं अशा अर्थानं. माहीत असणं आणि नसणं याच्या मधे एक अरुंद ओटा असतो. त्यावर माणूस बराच वेळ बसू शकतो. ती दहा दिवस बसली.

तिला तिथून उठवलं हंबीररावच्या फोननं. तो कारखान्यातल्या संघटनेचा, बेंगळुरातल्याच श्रीरामपुरकडचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठा. त्यानं सगळं सांगितलं. साचा उचलत होते. गिरीराज खाली वाकून पट्टा सारखा करत होता, शिवाप्पाच्या हातात बटणांचा डबा. पट्टा सरकतोय हे लांबून प्लांट हेडला दिसलं. तो ओरडला, “होल्ड अप! होल्ड अप!” आणि शिवाप्पाचं बोट वर जाण्याच्या बटणावर दाबलं गेलं. साचा एका बाजूनं उचलला गेला, कलंडला, पट्ट्यातून निसटून खाली गिरीराजवर आला. “ते थांब म्हणत होते, अक्का,” हंबीरराव म्हणाला, “यानं वर ऐकलं.” आता कंपनी म्हणत होती की हा शब्द शिकवलेला आहे, रजिस्टर आहे, सही आहे. शिवाप्पा म्हणत होता, शिकवलेलाच नाही. रजिस्टर खरं ठरलं तर तो दोषी, त्याची नोकरी जाणार आणि पोलिसांपुढेही तोच कागद जाणार. खोटं ठरलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागणार. फोन ठेवल्यावर अहल्या स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच डाळीचे डबे पुसत बसली. प्रत्येक डबा उचलताना तिला आपला उजवा हात वर जाताना दिसत होता.

पीण्याचं स्टेशन आलं. कारखान्याच्या फाटकाशी हंबीरराव उभा होता. त्याला तिनं आवाजावरून अधिक दणकट समजलं होतं. हा तर बारका, चष्मेवाला, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतलेला माणूस होता. “अक्का,” तो त्यांच्या त्याच मुरलेल्या मराठीत म्हणाला, “मी तुम्हाला काय शिकवणार? झालंय तेवढंच सांगा. त्याच्यावर स्वल्प दया करा.” तो शब्द त्याच्या तोंडून किती साधा, किती घरचा वाटला. तिला एकदम त्याच्याशी आपल्या भाषेत बोलावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, की बोलायला लागलो तर सगळं बाहेर पडेल. “आय विल सी,” ती इंग्रजीत म्हणाली. हंबीररावनं मान हलवली आणि बाजूला झाला.

चौकशी ट्रेनिंग रूममध्ये होती. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनं नेमलेले एक म्हातारे वकील, शेजारी टाइप करणारी मुलगी, भिंतीशी क्षितिज, समोर हंबीरराव आणि शिवाप्पा. शिवाप्पानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो तिच्याकडे अशा विश्वासानं बघत होता की जणू आता बाई आल्या, आता सगळं ठीक होईल. ती आत आली तेव्हा तो उठून उभा राहिला होता, वर्गात राहायचा तसा. वकिलांनी रजिस्टर पुढे सरकवलं. सही तुमची? माझी. ही बॅच तुम्हीच घेतलीत? मीच. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “होल्ड अप हा शब्दप्रयोग तुम्ही या बॅचला शिकवला होता का?”

खोलीत पंखा फिरत होता. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, एकच शब्द. पण त्या नाहीच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता, मग ही सही कशी? आणि तेव्हा सगळी खोली तिच्याकडे वळणार होती: सत्तावीस वर्षं शिकवलेली बाई, मुलींना एका ‘अबाउट’साठी फाडणारी, न घेतलेल्या वर्गांवर गोल गोल सह्या करते. क्षितिज वळणार होता. त्याच्या चेहऱ्यावर ती पुण्याची खोली उमटेल अशी तिला भीती वाटली. ट्रे हातात, आणि हसण्याच्या आधीची ती क्षणभराची शांतता. तेवढ्यात तिला एक वाक्य सुचलं. ते इतकं नेमकं होतं की तिला त्या स्थितीतही त्याचा अभिमान वाटला. “वी वेंट ओव्हर इट,” ती म्हणाली. ओव्हर. उजळणी केली असाही अर्थ होतो. आणि वरून गेलो, नुसते वरून गेलो, विमान गावावरून जातं तसे, खाली उतरलोच नाही, असाही. गेलोच होतो ना, त्या दिवशी, एका दमात? ती खोटं बोलली नव्हती. वकिलांनी मुलीला सांगितलं, “लिहा, शिकवला होता.” अहल्यानं तोंड उघडलं, मग मिटलं. हंबीररावनं एकच विचारलं, “कुठल्या तारखेला, मॅडम?” अक्का नाही, मॅडम. “रजिस्टरमध्ये आहे,” ती म्हणाली. शिवाप्पाला इंग्रजी वाक्य कळलं नव्हतं. हंबीररावनं त्याच्या कानात ते कन्नडमध्ये सांगितलं. त्याचा चेहरा रागानं लाल होईल असं वाटून अहल्यानं टेबलाच्या कडेकडे नजर लावली. पण नजर वळता वळता तिला दिसलं ते वेगळंच होतं. तो कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत काहीतरी आठवत होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो घरी आला. सकाळचे दहा वाजले होते, हयवदन दूध आणि पेपरची बिलं भागवायला खाली गेला होता. अहल्यानं दार उघडलं. तो आत यायला तयार नव्हता; ती दोनदा म्हणाली तेव्हा चपला बाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसला. पंधरा दिवसांत कानाजवळचा पांढरा रंग डोक्यावर चढला होता. त्यानं पिशवीतून वही काढली. “नोकरी गेली,” तो कन्नडमध्ये म्हणाला, वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तसा. “हंबीरराव अपील करू म्हणत होते. मी नको म्हटलं. गावाला चाललोय उद्या. त्याआधी तुमच्याकडे यायलाच हवं होतं.” अहल्या वाट बघत राहिली, त्यानं ओरडावं म्हणून. त्यानं ओरडावं अशी तिनं मनातून याचना केली.

“मेडम, मी दोन महिने सगळ्यांना सांगत सुटलो की तुम्ही ते शिकवलं नाही. पोलिसांना सांगितलं, संघटनेत सांगितलं. गिरीराजच्या बायकोला, भागुबाईला, सांगितलं. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मला तेवढाच आधार होता, की मला कुणी सांगितलंच नव्हतं, मला काय माहीत. आणि तुम्ही तिथे येऊन सांगितलंत की शिकवलं होतं.” त्यानं वहीवरून हात फिरवला. “मी घरी जाऊन वही काढली. सगळी पानं बघितली. नाही सापडलं. पण सही माझीच आहे, अक्षर माझंच. म्हणजे मी बसलो असणार आणि माझं लक्ष नसणार. दुसऱ्या पाळीनंतर डोळे मिटायचे माझे. परवा भागुबाईकडे गेलो. सांगितलं तिला, बाई, मेडम खोटं बोलायच्या नाहीत, त्यांनी शिकवलं होतं, मीच विसरलो. तुझा नवरा माझ्या हातानं गेला. तिनं आत जाऊन कडी लावली.” त्यानं दोन्ही हात जोडले. “तुमच्याबद्दल वाईट बोललो, ते पोटात घाला.”

तो वहीचं कोरं पान उघडून पेन काढत होता. “एकदा परत सांगाल का, मेडम? नीट लिहून घेतो. होल्ड अप म्हणजे काय?” “थांब,” ती म्हणाली, कसंबसं. त्यानं लिहिलं. अक्षरांकडे बघत राहिला. “एवढंच?” “एवढंच.”

आणि मग ते बाहेर पडलं, व्याकरण नसलेलं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, सोळाव्या वर्षापूर्वी ती बोलायची तसं. “शिवाप्पा, मी शिकवलं नव्हतं. ऐकता का? चौदावा दिवस झालाच नाही. बाराव्यालाच बंद झालं होतं सगळं. त्या सह्या मी इथे, या टीपॉयवर, गिरीराज गेल्यानंतर केल्या. तुमच्याकडून कशावर घेतल्या ते मला माहीत नाही. तिथे मी खोटं बोलले. तुमचं काही चुकलं नाही. मी हंबीररावला फोन करते, आत्ता लिहून देते, चला, मी भागुबाईकडे येते तुमच्याबरोबर...” ती उठली होती, फोन शोधत होती, तो कुठे ठेवलाय ते तिला आठवत नव्हतं. शिवाप्पा तिच्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, आजारी माणसाजवळ बसलेल्याच्या चेहऱ्यावर येतं तसं.

“बसा, मेडम,” तो म्हणाला. “मोठं मन तुमचं. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय.”

“नाही हो! तुमची वही बघा ना, वहीत नाही म्हणजे झालंच नाही!”

“वही माझी आहे. रजिस्टर कंपनीचं आहे, तुमची सही आहे त्यावर. तुमच्यासारख्या बाई खोटी सही कशाला करतील?” त्यानं हे विचारलं आणि खरोखरच उत्तराची वाट बघितली. कशाला? बर्फीसाठी? काकू म्हटलं म्हणून? चाळीस वर्षांपूर्वी एका खोलीत लोक हसले होते म्हणून? त्याला पटेल असं एकही कारण तिला तिच्या तिन्ही भाषांत सापडेना. तिच्या गप्प बसण्याचा त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला आणि मान हलवली. “आणि आता भागुबाईला सांगून झालं. परत जाऊन तिला काय सांगू, की मी नव्हतो तो? तिनं एकदा कडी लावली. दर वेळी नव्यानं कडी लावायला लावायची का तिला?”

तो उठला. तिनं त्याचा दंड धरला, सोडला. दाराशी वाकून त्यानं चपला घातल्या. जिन्यातून खाली जायला वळला आणि काही आठवल्यासारखा परत फिरला. ताठ उभा राहिला, वर्गात उभा राहायचा तसा, आणि एकेक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारत इंग्रजीत म्हणाला, “थँक यू फॉर टीचिंग मी, मॅडम.”

सत्तावीस वर्षांच्या सवयीनं अहल्यानं ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.